पावसाळा चुकला की वर्ष गेलं

मे महिन्यात पेडणे तालुक्यातल्या एखाद्या सड्यावर जाऊन उभे राहा. तापलेला जांभा, करपलेलं गवत, मधूनच करवंदीचं एखादं खुरटं जाळं. अशा जागेला लोक पडीक म्हणतात, आणि मे महिन्यात बघणाऱ्याला ते पटतंही. जूनचे दोन-चार दमदार पाऊस झाले की याच कातळावरच्या बोटभर मातीत गवत उठतं, खळग्यांत पाणी साठतं आणि ऑगस्टपर्यंत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशा चिमुकल्या वनस्पती सडा रंगवून टाकतात. ऑक्टोबर सरता सरता त्यांतल्या बहुतेकांचा जन्म आटोपलेला असतो. उरतं ते फक्त भेगेत पडलेलं बी.

आता समजा, या वनस्पतींवर कुणाला पीएचडी करायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे त्याच्या हातात कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. पण त्याने मोजायचे असतात पावसाळे. पहिला पावसाळा कोर्सवर्कमध्ये जातो, दुसरा झाडं ओळखायला शिकण्यात. तिसऱ्यात खरं काम सुरू होतं, चौथ्यात ते पुन्हा करून ताडून बघायचं असतं. मधे कधी परवानगीचा कागद उशिरा आला, किंवा जुलैत तापाने अंथरूण धरलं, तर महिना वाया जात नाही, अख्खं वर्ष जातं. प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा लावता येतो. जुलैत फुलून गेलेलं रोप डिसेंबरात कुणासाठी पुन्हा फुलत नाही. जीवशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या मुलाच्या घरच्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन: वेळापत्रक विद्यापीठ छापतं, पाळावं लागतं ते अभ्यासातल्या जिवाचं.

पीएचडी म्हणजे एमएस्सीच्या पुढचा वर्ग, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. डिचोलीच्या बाजारात संशोधक मुलीच्या आईला ‘अजून शिकतेच आहे का?’ हा प्रश्न चुकत नाही. फरक असा, की एमएस्सीपर्यंत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि उत्तर कुठल्यातरी पुस्तकात सापडतं. पीएचडीत प्रश्नही आपणच काढायचा, आणि त्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही याची आधी खात्री करून घ्यायची. त्या खात्रीसाठी जगभरचे शोधनिबंध उपसावे लागतात आणि त्यात सहज सहा-आठ महिने जातात. प्रश्न मोठा लागत नाही. उलट मोठा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकाचं पहिलं वर्ष तो छाटण्यातच जातं. ‘गोव्याची जैवविविधता’ हा प्रबंधाचा विषय होत नाही. ‘सड्यावरच्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं आणि त्यावरून तिथे कोणत्या वनस्पती येतात’ हा होतो.

लहान प्रश्नातून किती मिळतं याचं मराठी माणसाला अभिमान वाटावा असं उदाहरण कमला सोहोनींचं. त्या तेव्हा कमला भागवत होत्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून त्यांना आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाशी संबंधित प्रथिन असतं हे दाखवलं आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचा प्रबंध होता चाळीस पानांचा. आज प्रबंधाची जाडी बघून मान डोलावणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण इरावती कर्व्यांचं. बर्लिनमध्ये त्या ज्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास करत होत्या, त्याचा वंशश्रेष्ठतेवर विश्वास होता. युरोपीय कवट्यांची ठेवण वेगळी आढळेल अशी त्याची अपेक्षा होती. कर्व्यांनी मोजमापं घेतली आणि वंशांमध्ये तसा फरक आढळत नाही असं लिहून दिलं. ‘आढळलं नाही’ हेही उत्तरच असतं, हे आपल्याकडच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना पटत नाही, आणि काही मार्गदर्शकांनाही नाही.

आणि तिसरं तर तेरेखोल नदीच्या पलीकडचंच. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, जन्म १८८४चा. तरुणपणी सह्याद्रीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधून त्यांनी शास्त्रज्ञांना चकित केलं होतं. १९१४ साली वनस्पतिशास्त्र शिकायला ते जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावं लागलं. तरीही अॅडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशांतल्या वनस्पती पसरल्या कशा, या विषयावर त्यांनी बर्लिनहून डॉक्टरेट मिळवलीच. पुढे ते कलकत्त्यात प्राध्यापक झाले आणि १९४६ साली त्यांनी पुण्यात जी संस्था उभारली ती आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेचं नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येईल.

आता प्रवेशाचं. एमएस्सीला ५५ टक्के हा उंबरठा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यालाही आता थेट अर्ज करता येतो, पण सतराव्या-अठराव्या वर्षी गावाबाहेर पाऊल टाकलेल्या मुलाने एमएस्सीची दोन वर्षं वाचवावीत असं मला वाटत नाही. त्या दोन वर्षांत आपल्याला रानात रमायला आवडतं की सूक्ष्मदर्शकापाशी, एवढं तरी कळतं. मग नेट ही पात्रता परीक्षा. जीवशास्त्रवाल्यांसाठी ती सीएसआयआरची असते: २०० गुण, १४५ प्रश्न, त्यांतले ७५ सोडवायचे आणि चुकल्याचे गुण कापायचे. तिसऱ्या भागातले प्रश्न चार-चार गुणांचे, आणि ते पाठांतराला दाद देत नाहीत. आलेख समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल?’ असं विचारतात. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या सरकारी मराठी शाळांतून आलेली मुलं इथे अडखळतात ती जीवशास्त्रामुळे क्वचितच. त्यांना अडवतं इंग्रजीतलं लांबलचक प्रश्नवाक्य. ते सरावाने जमतं, फक्त सराव एमएस्सीच्या पहिल्या सत्रापासून हवा.

ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. हा दर जानेवारी २०२३पासूनचा, घरभाडं वेगळं. म्हणजे ‘शिकतेच आहे का?’ याचं एक उत्तर ‘पगार घेऊन शिकते आहे’ असं देता येतं. फेलोशिप न मिळालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांतले कितीतरी गोव्यातल्या कॉलेजांत लेक्चर बेसिसवर तास घेत अर्धवेळ पीएचडी करतात. नियमांना ते मान्य आहे. पण सोमवार ते शनिवार तास असलेल्या माणसाने रोज पहाटे नोंदी घ्याव्या लागतील असा विषय निवडू नये. अशांसाठी हर्बेरियममधले वाळवलेले नमुने, साठवलेली माती, जुन्या नोंदी यांवरचे विषय बरे. स्त्रियांना कमाल मुदतीवर जादा दोन वर्षं आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. गोव्यात जीवशास्त्राच्या वर्गांत मुलीच जास्त दिसतात, त्यामुळे ही तरतूद प्रवेश घेतानाच माहीत असलेली बरी.

पैशापेक्षा मोठी अडचण मार्गदर्शकाची. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार इतकेच विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सागरी विज्ञान सगळं आहे. दोनापावलाला १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे समुद्रातल्या जिवाणूंपासून प्रवाळांपर्यंत काम चालतं. जुने गोवेत भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. खाजन शेतीत खाऱ्या पाण्याला तोंड देणाऱ्या पारंपरिक कोरगुट भातातून निवड करून गोवा धान-१सारखे वाण तिथूनच आले. पेडण्याच्या खाजनातल्या शेतकऱ्याच्या पोरीने त्या भातावर संशोधन करायचं ठरवलं, तर तिच्या आजीला बांध फुटल्यावर कोणतं बियाणं तगलं हे आठवत असतं. अशी माहिती प्रयोगशाळेत मिळत नाही, आणि तिचा उपयोग सुरुवातीला फार होतो.

इथेच पेडणे-डिचोलीकडच्या विद्यार्थ्याचं पारडं जड आहे असं माझं मत. पदवी ताळगावला मिळते, पण विषय त्याच्या दारात असतो. दारात म्हणजे पहाटे पाचला जाऊन पाहता येईल इतका जवळ. परराज्यातून आलेला संशोधक महिन्यातून एकदा जीप करून येतो. गावातल्या विद्यार्थ्याला पाऊस थांबताच सायकलने जाता येतं.

डिचोलीचंच घ्या. मये, पिळगाव, शिरगाव, मुळगावच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर उपसले आणि नको असलेली माती बाजूला ढिगांनी रचली. या ढिगांवर झाड धरत नाही याचं कारण नुसतं ‘माती खराब’ असं नसतं. त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो आणि लोह भरपूर. लोह फॉस्फरसला घट्ट बांधून ठेवतं, म्हणजे फॉस्फरस मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मायकोरायझा नावाची बुरशी इथे कामी येते. ती मुळांच्या पेशींत शिरते, तिचे बारीक तंतू मुळं पोचत नाहीत तिथवर मातीत पसरतात आणि फॉस्फरस ओढून आणतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. गोवा विद्यापीठात प्रा. बर्नार्ड रॉड्रिग्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोव्यातल्या खाणमातीतल्या या बुरशीवर बरंच काम केलं.

पण असं काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एकाच जातीची, एकाच वयाची रोपं घ्यायची. खाणमाती निर्जंतुक करून कुंड्या भरायच्या. निम्म्या कुंड्यांत बुरशी घालायची, निम्म्यांत नाही. पाणी, ऊन, जागा सगळं सारखं. बुरशी नसलेली निम्मी रोपं लोकांना वाया गेल्यासारखी वाटतात, पण सगळा प्रबंध त्यांच्यावरच उभा असतो. त्यांच्याशिवाय वाढ बुरशीमुळे झाली की पावसामुळे हे सांगता येणार नाही. आणि एक सापळा. एका ढिगावरून दहा पिशव्या माती आणली म्हणजे दहा नमुने झाले असं नवखा समजतो. तसं होत नाही. तो एकाच ढिगाचा एकच नमुना, दहा वेळा मोजलेला. वेगवेगळे दहा ढीग हवेत, आणि प्रत्येक ढीग कुणाच्या तरी लीजमध्ये, म्हणजे दहा ठिकाणी आत जायची परवानगी. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक पहिला बाण इथेच मारतो.

डिचोलीत आणखी एक संधी होती, ती फारशी कुणी मुद्दाम आखून घडवली नव्हती. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, मधे काही चालल्या, २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्चपासून पुन्हा थांबल्या, आणि २०२४मध्ये डिचोलीतून पुन्हा सुरुवात झाली. ओढ्यातलं पाणी, शेतातला गाळ, त्यातले किडे, बेडूक, मासे यांवर धूळ आणि गाळ थांबल्याचा काय परिणाम झाला हे पाहायला असा बंद-चालू-बंद प्रयोग कुठलीही प्रयोगशाळा उभारू शकली नसती. ज्याने त्या वर्षांत दर महिन्याला एकाच ओढ्याच्या एकाच वळणावर नोंदी ठेवल्या, त्याच्याकडे आज पैशाने न मिळणारी गोष्ट आहे.

किनाऱ्यावर मोरजीची कासवं. ऑलिव्ह रिडले मादी साधारण शंभरएक अंडी वाळूत पुरून समुद्रात परत जाते आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रं ठरवत नाहीत, वाळूची उष्णता ठरवते. मधल्या काळात घरटं साधारण २९-३० अंशांच्या वर राहिलं की माद्या जास्त, खाली राहिलं की नर जास्त. तापणाऱ्या जगात हा प्रश्न किती महत्त्वाचा ते वेगळं सांगायला नको, आणि प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो घ्यावासा वाटतो. अडचणी पुढे येतात. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे अंड्याला हात लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी. पिल्लाचं लिंग बाहेरून ओळखता येत नाही, त्यासाठी त्याचं अंतरंग तपासावं लागतं, आणि जिवंत पिल्लांवर ते करायला कुणी परवानगी देणार नाही, देऊही नये. ओडिशात गहिरमाथ्याला लाखोंनी कासवं येतात. मोरजीत मोजक्या घरट्यांवर आकडेशास्त्र चालवायचं म्हणजे कसरत. मग शहाणा विद्यार्थी प्रश्न बदलतो. घरट्यांशेजारी तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरतो आणि झाडाच्या सावलीतली वाळू नि उघड्यावरची वाळू यांत किती फरक पडतो ते मोजतो. किंवा शॅकच्या दिव्यांचा माग काढतो: अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, पूर्वी तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असे. प्रश्न लहान झाला, पण आता उत्तर मिळण्याजोगा आहे.

आकडेशास्त्राला जीवशास्त्राचे विद्यार्थी घाबरतात. त्यांना मी एका गोंयकाराची आठवण देतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४४ साली, गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत हे संततीतल्या अदलाबदलीवरून काढायचं एक सूत्र मांडलं. आनुवंशिकीत ते आजही त्यांच्याच नावाने वापरलं जातं. कोसंबी मूळचे गणिती. हार्वर्डची पदवी त्यांच्याकडे होती, पीएचडी नव्हती.

पुन्हा सड्याकडे वळू. पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर आता विमानं उतरतात. विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२मध्ये झालं. त्याआधी, २९ मार्च २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण परवानगी थांबवून फेरविचाराला पाठवली होती. आसपासची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती अर्जात नीट दिलेली नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. जानेवारी २०२०मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली. विमानतळ हवा की नको याबद्दल पेडण्यात घरोघर वेगळं मत मिळेल, त्यात मी पडत नाही. मला खटकते ती एक पद्धत. आपल्याकडे प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालासाठी बहुधा एकाच हंगामाची पाहणी चालते आणि तो हंगाम पावसाळा सोडून निवडला जातो. सड्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की झाडं बी होऊन भेगेत पडलेली असताना त्यांची शिरगणती करायची. यादी कोरी आली तर दोष यादी करणाऱ्याचाही नसतो. अशा वेळी कुणाच्या तरी प्रबंधात जुलै-ऑगस्टच्या नोंदी, अक्षांश-रेखांशासह, हर्बेरियमच्या क्रमांकासह असतील, तरच ‘इथे काहीतरी होतं’ याला पुरावा मिळतो.

आणि या पठारांवर अजून नवं सापडतं. दीपकाडीच्या कुळातली एक जात गोव्याच्या नावानेच २००९ साली नोंदवली गेली, डिपकॅडी गोएन्से. गोव्याच्या जांभ्या पठारांवरून २०१८मध्ये बेडकाची नवी जात जाहीर झाली, तिच्या नावात ‘गोंयची’ हा शब्द आहे. मोले अभयारण्याच्या कडेच्या सड्यावर आघारकर संस्थेच्या संशोधकांना इस्किमम गवताची एक नवी जात मिळाली. तिला त्यांनी गोवा विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्रा. एम. के. जनार्थनम यांचं नाव दिलं, कारण या भागातल्या वनस्पतींच्या वर्गीकरणाचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि विद्यार्थ्यांना शिकवलं. नवी जात जाहीर करायची म्हणजे नुसता फोटो चालत नाही. नमुना वाळवून, दाबून, मान्य हर्बेरियममध्ये कायमचा ठेवावा लागतो; उद्या कुणाला शंका आली तर त्याने तोच कागद उघडून बघायचा.

प्रबंध लिहून झाला की साहित्यचोरीची तपासणी, मग किमान दोन बाहेरचे परीक्षक, मग सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा. ती खुली असते, गावच्या लोकांनीही जाऊन बसावं; आपल्या ओढ्याबद्दल कुणी प्रश्न विचारला तर विद्यार्थ्याला बरंच वाटेल. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२च्या नियमांनी काढली, पण नोकरीच्या बाजारात तो लागतोच. नोकरीचं खरं सांगायचं तर सहायक प्राध्यापकासाठी जुलै २०२३पासून नेट किंवा गोव्याची जीसेट पुरते, पीएचडी सक्तीची नाही. जागाही थोड्या. ज्याला फक्त कॉलेजची नोकरी हवी त्याने जीसेटवर जोर द्यावा आणि पाच वर्षं वाचवावीत, यात कमीपणा काही नाही.

बाकीच्यांचे प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात जातात, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या ज्या मुलीला यंदा विषय ठरवायचा आहे तिने गोवा विद्यापीठाचं पान उघडून आपल्या तालुक्याचं नाव टाकावं. जे प्रबंध निघतील त्यांचा शेवटचा भाग आधी वाचावा. ‘हे करायचं राहून गेलं’ असं तिथे लिहिलेलं असतं.